तिसऱ्या रांगेतल्या साळवीबाई

साळवीबाईंबद्दल लिहायला बसलं की मला आधी राग येतो आणि मग अभिमान वाटतो. तेव्हा रागाचं आधी उरकून घेते.

दुबईतल्या एका हिंदी-उर्दू चॅनेलच्या स्टुडिओत ही बाई अकरा वर्षं फ्लोअर मॅनेजर होती. त्या अकरा वर्षांत वरच्या कंट्रोल रूममध्ये, डायरेक्टरच्या खुर्चीत, पाच जण येऊन बसले. पाचही पुरुष, पाचही बाहेरून आणलेले, आणि पाचही जणांना स्टुडिओ शिकवला साळवीबाईंनी. कुठला कॅमेरा डावीकडे वळताना अडखळतो, कुठल्या सोफ्यावर बसलं की माणूस बुटका दिसतो, कुठल्या अँकरला पाणी दिलं की उचकी लागते, सगळं. पहिले चौघं शिकले, दोन-अडीच वर्षं बसले आणि मोठ्या चॅनेलमध्ये निघून गेले. बाई खालीच. तीनदा त्यांनी ती खुर्ची मागितली. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: "तुम्ही फ्लोअरवर इतक्या चांगल्या आहात, तुमच्या जागी आम्ही कुणाला आणणार?" म्हणजे काम वाईट केलंत तर हाकलणार आणि चांगलं केलंत तर तिथेच खिळे ठोकून ठेवणार! वर हे सगळं हसतमुखानं, कॉफी पाजून.

झालं. आता बाईंकडे येते.

पुण्यात पत्रकारितेचं शिक्षण संपलं तेव्हा माझ्या नावावर जमा काय होतं, तर चार वर्षं लिहिलेली पत्रकं. हॉस्टेलच्या पाण्यावर, मेसच्या दरांवर, फीवाढीवर. बाबा दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला राहतात. त्यांनी ओळखीतून मला या स्टुडिओत तीन महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून चिकटवलं आणि विमानतळावरून घरी नेताना गाडीतच बजावलं, "केतकी, इथे पत्रकं-बित्रकं काही नाही हं. व्हिसा माझ्या नावावर आहे." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

पहिल्या दिवशी मला ज्यांच्या हवाली करण्यात आलं त्या बाई डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत होत्या. काळा कुर्ता, काळी पँट, काळे कापडी बूट. बांधा बारीक, वय पन्नाशीच्या अलीकडे, कानावर हेडसेट, मनगटात बांगडीसारखी काळ्या चिकटपट्टीची गुंडाळी. नाव ऐकून मी उत्साहानं म्हटलं, "काकू, तुम्ही मराठी?"

"मराठीच. पण काकू घरी. इथे साळवी मॅडम." मग माझ्या पायांकडे पाहिलं. "हे बूट उद्या नकोत. कर्र कर्र वाजतात. लाइव्हमध्ये वाजले तर तुला बुटांसकट बाहेर ठेवीन."

त्या काळ्या कपड्यांवरून त्यांच्या बिल्डिंगमध्ये एकदा गंमत झाली होती. राहायला अल कुसैसला. फ्लोअरवरच्या माणसाचं प्रतिबिंब काचेत पडू नये म्हणून काळं घालायचं, हा आमच्या धंद्याचा साधा नियम. पण शेजारच्या जोशीकाकूंना तो कुठून ठाऊक असणार? सलग तीन आठवडे त्यांनी साळवीबाईंना काळ्यात जाता-येता पाहिलं आणि चौथ्या आठवड्यात दार वाजवून, डोळे पुसत विचारलं, "कोण गेलं हो तुमच्यात? सांगितलंही नाहीत." बाईंनी त्यांना आत बोलावून चहा पाजला आणि पुढच्या रविवारी आठ बायकांना स्टुडिओ दाखवायला नेलं. माणसं जमवणं हा त्यांचा जुना उद्योग. टीव्हीत त्या शिरल्या त्याच जोरावर.

ती गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकावी. नवऱ्याच्या व्हिसावर रत्नागिरीहून आल्या तेव्हा मुलगी सई पाच वर्षांची होती. नवऱ्याची नोकरी तासभर लांब, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, एसीचे डक्ट बनवणाऱ्या कारखान्यात. तो पहाटे साडेपाचला घर सोडी. बाई दिवसभर घरात. एके दिवशी खालच्या दुकानदारानं सांगितलं की एका टीव्ही कार्यक्रमाला प्रेक्षक म्हणून बसायला बायका हव्यात.

"पन्नास दिरहॅम! म्हणजे तेव्हाचे सव्वासहाशे रुपये. वर बिर्याणीचं पाकीट," बाई सांगत. "मी तिसऱ्या रांगेत. काम काय, तर टाळ्या वाजवायच्या. चाळीस मिनिटं झाली आणि सगळ्यांचे हात गळाले. तो फ्लोअरवरचा मुलगा बिचारा पुढे उभा राहून हात जोडतोय, जी ताली, जी ताली. कुणी वाजवेना. मी म्हटलं, अरे, तू सगळ्यांकडून एकदम कशाला मागतोस? डावीकडच्या बायका एकदा, उजवीकडच्या पुढच्या वेळी. अर्ध्यांना विश्रांती. आणि टाळी अशी मागून येत नाही. माणसाला आधी हसव, टाळी मागून आपोआप येते."

त्या मुलानं करून पाहिलं. टाळ्या शेवटपर्यंत टिकल्या. जाताना त्यानं बाईंचा फोन नंबर घेतला. पुढच्या खेपेला बाईंनी कुसैसच्या दोन बिल्डिंगांतल्या बावीस बायका बसमध्ये घालून आणल्या, प्रत्येकीला रांग नेमून दिली आणि बिर्याणी आधी न देता मध्यंतरात द्यायला लावली. पोट भरलं की प्रेक्षक झोपतो, हे त्यांचं निरीक्षण. सहा महिन्यांत त्या प्रेक्षकांच्या मुकादम झाल्या, मग फ्लोअरवरच्या मदतनीस, मग फ्लोअर मॅनेजर. कुठली पदवी नाही, कुठला कोर्स नाही. इंग्रजी तर चालता चालता उचललं. कंट्रोल रूममधली यंत्रं कशी चालतात ते साफसफाईच्या वेळी आत जाऊन, हेडसेट दुरुस्तीच्या निमित्तानं मागे उभं राहून शिकल्या. त्यांच्या मागून आलेल्या किती जणांना कंपनीनं ट्रेनिंगला बाहेरगावी पाठवलं! बाईंना एकदाही नाही. पाहा, पुन्हा राग आला.

फ्लोअर मॅनेजर म्हणजे काय, ते सांगायला हवं. डायरेक्टर वर कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर बसतो. खाली स्टुडिओत काय चाललंय ते त्याला कॅमेऱ्यातून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. तो बोलतो हेडसेटमध्ये. खाली कार्यक्रम चालू असताना कुणाला चकार शब्द काढता येत नाही. म्हणून त्याचा हुकूम फ्लोअर मॅनेजर हातांनी अँकरला सांगतो. बोट गोल फिरवलं की आवरा. दोन्ही हात रबर ताणावं तसे लांबवले की बोलत राहा, वेळ काढा. पाच बोटं, चार, तीन, मग मूठ. साळवीबाईंचे हात मी पाहत बसायची. त्या हातांत घाई कधी दिसली नाही. "आपली घाई दिसली की अँकर घाबरतो. मग पाच सेकंदांच्या कामाला त्याला दहा लागतात," त्या म्हणत.

हे हात घरीही थांबत नसत. गणपतीत त्यांच्या बिल्डिंगमध्ये एक कुलकर्णीकाका आरती एवढी लांबवतात की मोदक गार होतात. आरतीच्या गर्दीत समोर उभ्या साळवीबाईंचं बोट नकळत गोल फिरू लागलं आणि कुलकर्णीकाकांनीही नकळत दोन कडवी गाळून थेट मंत्रपुष्पांजलीला हात घातला! सई हे सांगताना हसून लोळते. नवरा भावाशी फोनवर पाल्हाळ लावू लागला की बाई स्वयंपाकघरातून बोट फिरवतात. "आई, स्टॉप डायरेक्टिंग अस," सई ओरडते. तेव्हा बाई म्हणतात, "हे डायरेक्शन नाही गं. डायरेक्शन वर होतं."

ते 'वर' त्या साधेपणानं उच्चारत. मला मात्र टोचायचं.

माझ्या वेळी वरच्या खुर्चीत होते पाचवे, रोहन सर. मुंबईहून आलेले, एकतिशीचे. माणूस वाईट नव्हता, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. सगळ्यांना जेवलात का विचारायचे. पण लाइव्ह सुरू झालं की आवाज चढायचा आणि कागदावर श्रद्धा फार. कागद म्हणजे रनडाउन: कार्यक्रमात कितव्या मिनिटाला काय, याचा तक्ता.

रमजान सुरू झाला. आमचा रोजचा लाइव्ह इफ्तारचा कार्यक्रम. जुनैदभाई म्हणून हैदराबादचे अँकर, पुढ्यात खजूर, फळं, सरबत. गप्पा, एखादी पाककृती, शेवटी दुआ, आणि बरोबर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, मिनिटाला अजान. हे अजानचं मिनिट म्हणजे आमच्या कार्यक्रमाचा कणा. लोकांच्या मोबाइलवर वेळ असते, खाली मशीद असते, सगळं खरं. पण हातात खजूर धरून टीव्हीसमोर बसलेलं माणूस टीव्हीचंच ऐकतं. अजान लवकर वाजली तर दिवसभर पाण्याचा घोट न घेतलेल्या माणसाचा रोजा वेळेआधी सुटतो. आणि ते परत घेता येत नाही. चुकीच्या बातमीबद्दल दुसऱ्या दिवशी माफी मागता येते. याची माफी कुणाकडे मागणार?

मगरिबची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकते. साळवीबाई रत्नागिरीच्या, देवासमोर दिवा लावून घराबाहेर पडणाऱ्या. पण रमजानचा पूर्ण महिना त्या सकाळी घराखालच्या मशिदीच्या दारावरचा वेळापत्रकाचा तक्ता पाहून निघत आणि त्या दिवसाची वेळ चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून क्लिपबोर्डच्या कोपऱ्यात लावत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, रनडाउनवर असतेच की वेळ." तर म्हणाल्या, "रनडाउन माणसानं केलेला असतो. आणि उपाशी माणसानं केलेला असतो."

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. कार्यक्रम व्यवस्थित चालला होता. मी कॅमेरा तीनच्या मागे वायर धरून उभी. समोरच्या भिंतीवर लाल आकड्यांत अजानला किती वेळ उरला ते उलटं चाललं होतं. जुनैदभाईंच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. प्रायोजक घड्याळाचा नसल्यामुळे ते काढून ठेवावं लागे. दीड मिनिट उरलं. माझ्या हेडसेटमध्ये रोहन सरांचा आवाज आला, "साळवी, रॅप. दुआ पे लाओ. अजान रेडी." रॅप म्हणजे आवरा.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. क्लिपबोर्डच्या कोपऱ्याकडे पाहिलं. भिंतीच्या हिशेबानं अजान सहा बावीसला होती. चिकटपट्टी म्हणत होती सहा पंचवीस.

आणि त्यांनी दोन्ही हात समोर धरून सावकाश लांबवले. बोलत राहा.

जुनैदभाईंच्या कानात अडीअडचणीसाठी एक छोटं यंत्र असे; त्यातून आता रोहन सर थेट ओरडत होते, "रॅप, रॅप!" समोर बाई हात ताणत होत्या. त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर एक सेकंदभर गोंधळ मला स्पष्ट दिसला. मग त्यांनी कानातलं यंत्र केस सारखे केल्यासारखं करत हलकेच सैल केलं आणि म्हणाले, "अजान में अभी कुछ लम्हे बाकी हैं. चलिए, आप को अपनी अम्मी के दस्तरख्वान का एक किस्सा सुनाता हूँ."

हेडसेटमध्ये हलकल्लोळ. "साळवी! आर यू मॅड? व्हॉट आर यू डूइंग?" बोलत्या माणसाच्या तोंडावर अजान लावायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे वर सगळे अडकून बसले. लाल आकडे शून्यावर गेले आणि तिथेच लुकलुकत राहिले. साळवीबाईंनी हेडसेटचं बटण दाबलं आणि अगदी हळू आवाजात, बाजारभाव सांगावा तसं, म्हणाल्या, "रोहन सर, कागद गेल्या गुरुवारचा आहे. आज सहा पंचवीस. चेक कीजिए."

वर कागदांची सळसळ. मग कुणीतरी पुटपुटलं, "या अल्ला."

खरंच गेल्या गुरुवारचा होता. तारीख बदलली होती, पाहुणे बदलले होते, सरबताचं नाव बदललं होतं. अजानची वेळ बदलायची राहिली होती. तीन मिनिटं. तेवढा वेळ त्या दोन हातांनी आमचं सगळं चॅनेल धरून ठेवलं. जुनैदभाईंनी अम्मीच्या हलीमची गोष्ट सांगितली, त्यातून दुआ काढली, आणि सहा पंचवीसला बाईंची मूठ मिटली. अजान सुरू झाली. जुनैदभाईंनी खजूर तोंडात घातला आणि घास गिळल्यावर, कॅमेरा बंद झाला तेव्हा, तिथेच बसून रडले. "साल्वीजी, आज आपने कितने घरों को बचाया, आप को पता नहीं."

"खाऊन घ्या आधी," बाई म्हणाल्या. "सुबह से कुछ खाया नहीं आपने."

दुसऱ्या दिवशी केक आला. बाईंच्या हातात एक सर्टिफिकेट आलं, त्यावर त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. आणि रोहन सरांच्या रिपोर्टमध्ये मी स्वतः वाचलं की कंट्रोल रूमनं वेळेची एक तांत्रिक अडचण यशस्वीपणे हाताळली. कंट्रोल रूमनं!

माझं डोकंच फिरलं. बाबांना दिलेला शब्द गेला उडत. मी घरी बसून दोन्ही बाजूंनी भरगच्च एक पान लिहिलं. अकरा वर्षं, पाच डायरेक्टर, तीन नकार, एक केक. दुसऱ्या दिवशी ते साळवीबाईंच्या हातात दिलं. "मॅडम, हे मी सगळ्या स्टाफला वाटणार."

त्यांनी ते वाचलं नाही. स्टॉपवॉच काढलं. "मोठ्यानं वाच."

मी वाचलं. चांगलंच तळमळीनं वाचलं.

"दोन मिनिटं दहा सेकंद," बाई म्हणाल्या. "ऐकणारा पस्तिसाव्या सेकंदाला गेला. 'अन्याय' सात वेळा म्हणालीस. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, तिसऱ्यांदा मी मोजायला लागले." मग लाल पेन घेतलं आणि समोर बसून माझ्या चार वर्षांच्या शैलीची कत्तल केली. शिव्या गेल्या. उद्गारचिन्हं गेली. रोहन सरांचं नाव होतं ती सगळी ओळच गेली.

"त्याचं नाव का काढलं?" मी उखडले. "चूक त्याची होती. वरून श्रेय त्यानं घेतलं!"

"त्याला दोन लहान मुलं आहेत आणि हा पहिलाच रमजान. मला त्याची खुर्ची नकोय, केतकी. मला खुर्ची पाहिजे."

खाली पाच वाक्यं उरली. ती त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली. वाटायला नाही. प्रॉडक्शन हेडच्या टेबलासमोर उभं राहून स्वतः म्हणायला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी जेवायला होते. साळवीकाका उम्म अल कुवैनहून थकून आलेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आता कशाला गं हे? अकरा वर्षं झाली. नाही म्हणाले तर तोंड वाईट. जमलं नाही तर फ्लोअरही जायचा. सईचं कॉलेज अजून दोन वर्षं आहे."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "चौथ्यांदा नाही म्हणाले तर मी पुन्हा विचारणार नाही. म्हणून या वेळी नीट विचारायचंय."

"आई, यू शुड जस्ट गो फॉर इट," सई म्हणाली.

"तू आधी ताट उचल."

हेड म्हणजे इलियास सर, बैरूतचे, शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना हबीबी म्हणणारे. मी बाहेर काचेपाशी, फाईल शोधत असल्याचं नाटक करत उभी होते. दार अर्धं उघडं होतं. बाई बसल्या नाहीत. पाच वाक्यं म्हणाल्या. अकरा वर्षं मी फ्लोअर सांभाळते. पाच डायरेक्टरांना मी हा स्टुडिओ शिकवला. गेल्या गुरुवारी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ईदनंतर शुक्रवारचा मुलांचा लाइव्ह कार्यक्रम मला एकदा करू द्या. चुकला तर मी पुन्हा कधी मागणार नाही.

इलियास सर हसले. "हबीबी, यू आर द बेस्ट. बट हू विल डू द फ्लोअर?"

तेच उत्तर. चौथ्यांदा. माझा हात दाराकडे गेला होता, खरं सांगते.

"शिजू," बाई म्हणाल्या. "गेलं वर्षभर मी त्याला शिकवते आहे. रमजानचे नऊ एपिसोड त्यानं केले. मी फक्त मागे उभी होते. तुम्हाला फरक कळला का?"

शिजू म्हणजे आमचा केरळचा मदतनीस, तीन मुलांचा बाप, अबोल. इलियास सरांना फरक कळला नव्हता. एखाद्या कुलुपाची किल्ली वर्षभर घासून बनवावी तशी या बाईनं स्वतःची बदली तयार केली होती, आणि कुणाला पत्ता नव्हता. मलासुद्धा; शिजू पुढे उभा दिसला की मला वाटायचं, बाई जरा दम घेताहेत. मी मात्र पान भरभरून लिहीत बसले होते!

"वन एपिसोड," इलियास सर अखेर म्हणाले. "यल्ला, साल्वी. इन्शाल्ला खैर."

तो शुक्रवार माझ्या तीन महिन्यांतला शेवटचा दिवस होता. दुपारी चारचं लाइव्ह, शाळकरी मुलांची प्रश्नमंजूषा. फ्लोअरवर शिजू, त्याच्या मदतीला मी. रोहन सर येऊन कंट्रोल रूममध्ये मागच्या बाकावर बसलेत, असं कुणीतरी सांगितलं. इलियास सरही होते. हेडसेटमध्ये पहिल्यांदाच वरून साळवीबाईंचा आवाज आला. खाली ऐकायचे तसाच, हिंदीत, तेवढाच हळू. "सगळे आलात? पाणी प्यायलात? चला."

पंधरा मिनिटं सुरळीत गेली. मग शारजाच्या शाळेतली एक मुलगी, नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या, तिचा नंबर आला. प्रश्न सोपा होता. तिनं तोंड उघडलं आणि काही म्हणजे काही बाहेर आलं नाही. ओठ थरथरायला लागले. लाइव्ह. शांतता. अशा वेळी काय करतात हे मला तीन महिन्यांत पाठ झालं होतं: दुसऱ्या कॅमेऱ्यावर जायचं, अँकरनं विनोद करायचा, ब्रेक. हेडसेटमध्ये मागून एक पुरुषी आवाज घाईघाईनं म्हणाला, "कट टू ब्रेक, कट टू ब्रेक." रोहन सर की इलियास सर, कळलं नाही.

"नाही," साळवीबाई म्हणाल्या. "कॅमेरा दोन, तिच्यावरच राहा. जरा मागे. एकदम तोंडावर नको. शिजू, अँकरला सांग, थांब. कुणी हलू नका. तिला येतंय."

शिजूनं दोन्ही हात समोर धरले आणि सावकाश लांबवले. मी सेकंद मोजत होते. सात. आठ. प्रेक्षकांत बसलेल्या बायका पुढे झुकल्या होत्या. एकच एपिसोड होता बाईंच्या हातात, आणि त्या तो एका घाबरलेल्या पोरीवर सोडून शांत बसल्या होत्या. अकराव्या सेकंदाला मुलीनं नाक ओढलं, मान वर केली आणि उत्तर दिलं. बरोबर उत्तर. मग अशी हसली की अख्खा स्टुडिओ उसळला. टाळ्या कुणी मागितल्या नव्हत्या. डावीकडच्याही वाजल्या आणि उजवीकडच्याही.

त्या आनंदात मी पुढे झाले असणार. कारण लगेच कानात, सगळ्या टीमच्या कानात, शुद्ध मराठीत आवाज आला:

"केतकी, तुझा खांदा दिसतोय. सरक."

मी सरकले.

कार्यक्रम वेळेवर संपला. लाल दिवा विझला. लोखंडी जिन्यावर त्यांच्या कापडी बुटांचा आवाज नेहमीसारखाच आला नाही, म्हणून त्या खाली उतरल्याचं मला एकदम समोर आल्यावरच कळलं. बरोबर इंजिनियर होता. मागे इलियास सर हात पुढे करून काहीतरी म्हणत येत होते, पुढच्या शुक्रवारबद्दल. बाई त्यांना "एक मिनिट सर" म्हणाल्या आणि इंजिनियरकडे वळल्या, "अहो, कॅमेरा दोन अजून डावीकडे अडखळतो. अकरा वर्षं सांगतेय मी हे. आता तरी दुरुस्त करा."

मी निरोप घ्यायला भिंतीपाशी उभी होते. हातात त्यांच्यासाठी आणलेला पेढ्यांचा पुडा. त्या माझ्या समोरून गेल्या, इंजिनियरला हातानं कॅमेऱ्याचं वळण दाखवत, मागे ताटकळलेले इलियास सर, त्यांच्या मागे शिजू. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मला ते फार आवडलं. पुडा मी शिजूकडे दिला आणि निघाले.